‘सेवाभावा’च्या नावाने : परिचारिकांचे श्रम आणि वर्तमानपत्री उपदेश

दरवर्षी मे महिन्यात परिचारिकांच्या कौतुकाला उधाण येते. १२ तारखेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, मंत्री आणि रुग्णालयांचे विश्वस्त त्यांच्या हाती दिवे देऊन त्यांना ‘त्यागमूर्ती’ ठरवितात. त्याच सुमारास बारावीचे निकाल लागतात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून मुलींना उपदेश सुरू होतो : परिचर्या हा उदात्त व्यवसाय आहे, देशात परिचारिकांचा प्रचंड तुटवडा आहे, परदेशांतून सतत मागणी आहे, स्त्रीच्या अंगी उपजत असलेल्या सेवावृत्तीला येथे पुरेपूर वाव मिळतो! लेखाच्या शेजारी एखाद्या खाजगी नर्सिंग महाविद्यालयाची जाहिरात असते. लेखाची भाषा आणि जाहिरातीची भाषा इतकी सारखी असते की कोणता मजकूर संपादकाचा आणि कोणता संस्थाचालकाचा, हे ओळखणे अवघड जावे.

या साऱ्या कौतुकात एक कागद मात्र कधीच दाखविला जात नाही. तो म्हणजे परिचारिकेचे नेमणूकपत्र. पगार किती, पाळी किती तासांची, आठवड्याची सुट्टी मिळणार की नाही, नोकरी कायम की अकरा महिन्यांची, सोडून जायचे झाल्यास किती रुपये भरायचे, हे सारे त्या कागदावर असते. पुष्कळ ठिकाणी तर तो कागदच हाती दिला जात नाही. तरुण मुलीला व्यवसायाचा सल्ला द्यायचा असेल, तर तो या कागदापासून सुरू झाला पाहिजे. दिव्यापासून नव्हे.

ज्या नाइटिंगेलबाईंच्या नावाने हा सोहळा चालतो, त्या स्वतः नुसत्या दिवा घेऊन फिरणाऱ्या नव्हत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथीने अधिक मरत आहेत, हे त्यांनी आकडे मांडून ब्रिटिश युद्धखात्याच्या तोंडावर फेकले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. अधिकाऱ्यांना जाब विचारणारी ही बाई आपल्या सत्ताधाऱ्यांना नको आहे. त्यांना हवी आहे ती मूकपणे दिवा धरून उभी असलेली चित्रातली बाई. १९७३ पासून केंद्र सरकार नाइटिंगेलच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देते. पुरस्काराला कोणाचा आक्षेप नाही. पण मूठभरांना राष्ट्रपती भवनात पदक आणि बाकी लाखोंना अकरा महिन्यांचा करार, हा हिशेब विचारण्याजोगा आहे.

तुटवडा कशाचा?

‘देशात परिचारिकांचा तुटवडा आहे’ हे वाक्य गेली पाऊणशे वर्षे ऐकू येत आहे. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. १९७१ पर्यंत हे प्रमाण ५०० लोकांमागे एक असे व्हावे, असे उद्दिष्ट त्या समितीने घालून दिले. १९७१ उजाडले आणि मावळले. उद्दिष्ट कागदावरच राहिले. अलीकडे सरकार संसदेत परिचारिकांचा लाखोंचा आकडा सांगते. हा आकडा राज्य परिषदांच्या नोंदवह्यांतला असतो. त्या नोंदवह्यांत आखातात गेलेली, इंग्लंड-आयर्लंडला गेलेली, लग्नानंतर व्यवसाय सोडलेली आणि काम न मिळाल्याने दुकानात हिशेब लिहिणारी अशा सगळ्यांची नावे असतात. नोंदवहीत नाव असणे आणि वॉर्डात हात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के अधिक पदे असावीत. अतिदक्षता विभागात तर एका रुग्णामागे एक. हे दंडक कोणा कामगार संघटनेने मागणीपत्रात घातलेले नाहीत, सरकारी परिषदेने ठरविलेले आहेत. आणि सार्वजनिक रुग्णालयांत रात्रपाळीला पन्नास-साठ रुग्णांच्या वॉर्डात एक किंवा दोन परिचारिका असणे, हे दृश्य अपवादाचे नाही. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या टाकल्या जातात. गाद्यांवरचे रुग्ण वाढतात तशी परिचारिकांची पदे वाढत नाहीत, कारण पदे मंजूर खाटांवर मोजली जातात. जमिनीवरचा रुग्ण सरकारच्या हिशेबी रुग्णच नव्हे!

एका बाजूला रिकाम्या जागा, दुसऱ्या बाजूला नोकरीसाठी वणवण करणाऱ्या पदविकाधारक मुली. हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. तुटवडा परिचारिकांचा नाही, पदांचा आहे. आणि तो आपोआप पडलेला नाही, पाडला गेला आहे. निवृत्त होणाऱ्या परिचारिकेची जागा भरायची नाही, ती वर्षानुवर्षे ‘रिक्त’ ठेवायची, मग निकड दाखवून तीच जागा कंत्राटावर अर्ध्या पगारात भरायची, ही पद्धत सर्व राज्यांत रुळली आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढण्याची घोषणा झाली. महाविद्यालये हवीतच. पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी किती कायम पदे निर्माण होणार, याचा उच्चार त्या घोषणेत नव्हता. महाराष्ट्रात सरकारने परिचारिकांची भरती बाहेरच्या एजन्सीमार्फत करण्याचे ठरविले तेव्हा मे २०२२ च्या अखेरीस शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांना संपावर जावे लागले. एजन्सीमार्फत नेमलेली परिचारिका सलाइन तेच लावते, इंजेक्शन तेच देते. फक्त तिच्या पगारातला एक हिस्सा मधल्यामध्ये कोणाच्या तरी खिशात जातो आणि तिच्या नोकरीला उद्याची खात्री नसते.

वॉर्डातली पाळी

परिचारिकेचे काम म्हणजे काय, हे पुरवणीतले लेखक बहुधा सिनेमात पाहून लिहितात. पाळी सुरू होते ती चार्ज घेण्यापासून. किती रुग्ण, कोण अत्यवस्थ, कोणाची शस्त्रक्रिया, कोणाचे रक्त यायचे, कोणाला उपाशी ठेवायचे, हे मागच्या पाळीकडून समजून घ्यायचे. त्याच वेळी थर्मामीटर, सुया, औषधांचे कपाट, धोबीघरातून आलेल्या चादरी, यांचीही मोजदाद करायची, कारण कमी भरल्यास जाब तिलाच द्यायचा असतो. नंतर ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, औषधे, सलाइन, कॅथेटर, ड्रेसिंग, डॉक्टरांचा राउंड आणि राउंडमध्ये सुटलेले पंचवीस नवे हुकूम. मध्येच नवा रुग्ण, मध्येच मृत्यू. मृत्यू झाला की देह आवरायचा, नातेवाइकांचा आक्रोश आणि कधी कधी त्यांचा हातही सोसायचा, आणि पुढच्या खाटेवरच्या रुग्णाचे अँटिबायोटिक वेळेवर द्यायचे. हे सर्व केल्यावर ते लिहायचे. कारण केसपेपरवर लिहिले नाही ते केलेच नाही असे चौकशी अधिकारी मानतो. अलीकडे भर पडली आहे ती विमा कंपन्यांसाठी आणि मानांकनासाठी भराव्या लागणाऱ्या तक्त्यांची. रुग्णाजवळ थांबायला वेळ नाही, रुग्णाजवळ थांबल्याचा तक्ता भरायला मात्र वेळ काढावा लागतो.

पाळी संपते ती घड्याळाने नव्हे. दुपारपाळीची परिचारिका आली नाही, तर सकाळपाळीची तेथेच थांबते. त्याला ‘डबल ड्यूटी’ म्हणतात. जादा वेतन क्वचितच मिळते, बहुधा ‘नंतर सुट्टी घ्या’ असे आश्वासन मिळते आणि ते ‘नंतर’ उगवत नाही. पाठ आणि पाय यांची दुखणी, सुजलेल्या नसा, सतत बदलत्या पाळ्यांनी बिघडलेली झोप, सुई टोचून काविळीचा संसर्ग होण्याची टांगती भीती, हा या व्यवसायाचा दुसरा पगार आहे. घरी गेल्यावर चूल वाट पाहत असते, हे वेगळे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्येच परिचर्या कर्मचाऱ्यांविषयीचा १४९ क्रमांकाचा करार केला. त्याच्या सोबतच्या शिफारशीत आठवड्याचे ४० तास हे लक्ष्य, दिवसाचे काम नियमितपणे ८ तासांहून अधिक नको, जादा काम धरूनही १२ तासांवर नको, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये किमान १२ तास सलग विश्रांती, असे स्पष्ट लिहिले आहे. भारत सरकारने हा करार आजवर मान्य केलेला नाही. पुरवणीतल्या एकाही लेखात ही माहिती सापडणार नाही.

‘सेवा’ की श्रम?

येथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. बहिणीला पगार वाढवून मागता येत नाही. बहीण संपावर जात नाही. बहिणीशी करार नसतो. शब्द गोड आहे, पण मालकाच्या तोंडी तो हिशेबी असतो. रुग्णालयाचा विश्वस्त खोलीचे भाडे, यंत्राचे भाडे, हातमोज्यांचे पैसे आणि ‘नर्सिंग चार्जेस’ हे सारे रुग्णाच्या बिलात रुपयांत लावतो. बिलात तो श्रम असतो. पगाराच्या दिवशी मात्र त्याच श्रमाची ‘सेवा’ होते!

या भाषेला आपल्या समाजरचनेचा आधार मिळाला आहे. परक्या माणसाचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणे हे आपल्याकडे हलके, विटाळाचे काम मानले गेले. म्हणून उच्चवर्णीय घरांनी प्रदीर्घ काळ आपल्या मुली या व्यवसायात धाडल्या नाहीत. त्रावणकोर-कोचीनच्या गरीब ख्रिस्ती घरांतल्या मुली, दलित-आदिवासी मुली आणि, महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिकलेल्या विधवा व परित्यक्ता यांनी हा व्यवसाय उभा केला. ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांनी तो उभा केला, म्हणून त्याचे मोल कमी ठरले. आणि कमी मोलावर उदात्ततेचा मुलामा चढविला गेला.

स्त्रीने लग्न केले म्हणून तिला नोकरीतून काढण्याची रीतही येथे होती. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला १९८८ मध्ये केवळ विवाह केल्याच्या कारणावरून सेवामुक्त करण्यात आले. ज्या नियमाखाली हे झाले तो १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. तिला न्याय मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड मनमानीचा आणि लिंगभेद करणारा ठरवून तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. छत्तीस वर्षे! आणि जून २०२१ मध्ये दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात परिचारिकांनी कामाच्या ठिकाणी मल्याळम बोलू नये, असे फर्मान निघाले होते. देशभर संताप उसळल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. ज्यांच्या हातांवर रुग्णालय चालते त्यांची भाषासुद्धा व्यवस्थापनाला उपद्रव वाटावी, यातच सारे आले.

रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने परिचारिकेला कामगार कायद्याचे दार उघडले. चारच वर्षांत, १९८२ मध्ये, संसदेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून रुग्णालये वगळणारी दुरुस्ती केली, ती अंमलात मात्र आणली गेली नाही. जे तेव्हा जमले नाही ते आता वेगळ्या वाटेने होऊ पाहत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्य करणाऱ्या संस्थांनी चालविलेल्या आस्थापनांना ‘उद्योगा’तून वगळले आहे. या देशातील बडी खाजगी रुग्णालये कोणत्या नावाने नोंदलेली आहेत, ते त्यांच्या दारावरच्या पाट्या वाचल्या म्हणजे कळते. ट्रस्ट, फाउंडेशन, प्रतिष्ठान! महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने देणे बंधनकारक आहे. या खाटा मिळविण्यासाठी गरिबाला किती खेटे घालावे लागतात ते सर्वश्रुत आहे. गरीब रुग्ण दारात आला की ज्यांना आपला धर्मादायपणा आठवत नाही, त्यांना परिचारिकांची संघटना दारात आली की तो हटकून आठवेल.

बंधपत्र, पगार आणि संप

खाजगी महाविद्यालयात चार वर्षे लाखोंची फी भरून, बहुधा कर्ज काढून किंवा बापाची जमीन गहाण टाकून, मुलगी शिकते. पुढे तिला ‘अनुभवा’साठी त्याच संस्थेच्या रुग्णालयात दोन वर्षे नाममात्र पगारावर राबावे लागते आणि तिची मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापकाच्या कपाटात अडकतात. हिला बंधपत्र म्हणतात. जुन्या मराठीत याला वेठ म्हणत. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. नोकरी सोडू पाहणाऱ्या त्या मुलीकडे प्रमाणपत्रांच्या बदल्यात पैसे मागितले गेले, असा तिच्या सहकाऱ्यांचा आरोप होता. त्या रुग्णालयातील परिचारिका काम थांबवून बाहेर आल्या. त्याच वर्षी केरळात चार-पाच हजारांवर बारा-बारा तास राबणाऱ्या परिचारिकांनी संघटना बांधली आणि एकामागून एक खाजगी रुग्णालयांत संप झाले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, कोची, सगळीकडे मागणी एकच होती : प्रमाणपत्रे परत द्या, पगार द्या.

त्याच वर्षाच्या ९ डिसेंबरला कोलकात्याच्या ढाकुरिया येथील खाजगी रुग्णालयाला आग लागली. केरळच्या दोन तरुण परिचारिका धूर भरलेल्या वॉर्डातून रुग्णांना बाहेर काढीत राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या त्या परत आल्या नाहीत. संप करणाऱ्या परिचारिका ‘निष्ठुर’ असतात, असे अग्रलेख लिहिणाऱ्यांनी त्या दोघींची आठवण ठेवावी. त्या त्याच पिढीच्या, त्याच पगाराच्या होत्या.

२९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबद्दल समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. समितीने सांगितले : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार त्या राज्याच्या सरकारी परिचारिकेइतका असावा, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात तो फार तर १० टक्क्यांनी कमी असावा, ५० ते १०० खाटांत २५ टक्क्यांनी, आणि लहानात लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नसावा. केंद्राने हा अहवाल राज्यांकडे धाडला आणि हात झटकले. सल्ला होता, सक्ती नव्हती. राज्यांनी तो फाइलीत ठेवला.

‘संप केला तर रुग्ण मरतील’ हा आक्षेप नेहमीचा. त्याचे उत्तर टाळण्याचे कारण नाही. रुग्णाच्या जिवाची काळजी रास्त आहे आणि कोणतीही जबाबदार संघटना अतिदक्षता व अपघात विभाग उघडे ठेवून संप करते. पण साठ रुग्णांमागे एक परिचारिका ठेवणारे व्यवस्थापन वर्षाचे ३६५ दिवस रुग्णाच्या जिवाशी जो खेळ करते, त्याला कोणता अत्यावश्यक सेवा कायदा लागतो? १४ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिचारिका वेतनातील विसंगती आणि कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने संप रोखला. एक दिवसात! रिक्त जागा भरण्याबाबत अशी तत्परता कोणी दाखविल्याचे ऐकिवात नाही.

अपराधी कोण?

रुग्णालयात अनर्थ घडला की पहिली कुऱ्हाड परिचारिकेवर पडते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतरच्या कारवाईत वरिष्ठांच्या निलंबनाबरोबर कंत्राटी परिचारिकांना थेट कामावरून काढण्यात आले. निलंबित माणूस चौकशीनंतर परत येऊ शकतो. कंत्राटीला परत येण्याची वाटच नसते. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांत वॉर्डावरच्या परिचारिकांना अटक झाली. वीजजोडणी परिचारिका करीत नाही, अग्निशमन यंत्रणेची निविदा ती काढत नाही. कोणी हलगर्जीपणा केला असेल तर चौकशी अवश्य व्हावी. पण चौकशी तळापासून सुरू होऊन तळाशीच थांबावी, हा न्याय वर्गीय न्याय आहे.

सुरक्षिततेची गोष्टही याच जातीची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्या रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलीत होत्या. ४२ वर्षे जवळजवळ निश्चेष्ट राहून १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. तोवर पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी त्यांना न्हाऊ-माखू घातले, भरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. वर्तमानपत्रांनी ही ‘मायेची कहाणी’ म्हणून छापली. त्या कहाणीतला दुसरा भाग मात्र गाळला जातो. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, आणि पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला रुग्णालयातून हलविण्याचा घाट घातला तेव्हा याच परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. माया होती, तशी संघटनाही होती. संघटना नसती तर ती खाट केव्हाच रिकामी करवून घेतली गेली असती. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ड्यूटीवरील तरुण डॉक्टर स्त्रीचा बलात्कार करून खून झाला. रात्रपाळीला विसाव्यासाठी सुरक्षित खोली नसणे, हा एकावन्न वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा देशापुढे उभा राहिला.

थाळ्या वाजल्या, पुढे काय?

२२ मार्च २०२० रोजी देशाला थाळ्या वाजवायला सांगितले गेले, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. त्याच मे महिन्यात मणिपूरच्या शेकडो परिचारिका कोलकात्याची खाजगी रुग्णालये सोडून घरी परतल्या. कापलेले पगार, अपुरे संरक्षक पोशाख आणि रस्त्यावर चेहरेपट्टीवरून होणारी हेटाळणी, ही त्यांनी सांगितलेली कारणे होती. फुलांचा खर्च सरकारने केला. हातमोज्यांचा कोणी करायचा यावर वाद होता. त्याआधी दोन वर्षे, २१ मे २०१८ रोजी, केरळातील पेराम्ब्रा तालुका रुग्णालयाच्या लिनी पुथुसेरी निपाह रुग्णाची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन गेल्या. राज्य सरकारने त्यांच्या दोन्ही मुलांना प्रत्येकी १० लाख रुपये आणि पतीला सरकारी नोकरी दिली, हे उचितच झाले. पण प्राण पणाला लावणारी ही परिचारिका स्वतः कायम नोकरीत नव्हती, हेही नोंदले पाहिजे.

राहिला परदेशाचा मोह. त्याला मुलींचा दोष नाही. येथे वीस हजार मिळत नाहीत म्हणून त्या जातात. जुलै २०१४ मध्ये इराकच्या तिक्रीतमधील युद्धातून ४६ भारतीय परिचारिका सुखरूप परत आल्या, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकींना सुटकेइतकीच चिंता होती ती घरच्या कर्जाची. पुढच्या वर्षी कोचीच्या एका एजन्सीने कुवेतच्या नोकरीसाठी १९,५०० रुपयांच्या जागी १९ लाख ५० हजार रुपये उकळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. त्यानंतर केंद्राने आखाती देशांसह अठरा देशांतील परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केला. बाहेर जाणाऱ्या मुलीने निदान एवढे करावे : दलालाला रोख रक्कम देऊ नये, सरकारी संस्थेकडे चौकशी करावी, करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

आणि येथे राहणाऱ्या मुलीला सल्ला द्यायचा तर तो असा की नेमणूकपत्र मागून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हवाली करू नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. आपल्या पाळ्यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, कारण व्यवस्थापनाची नोंदवही भांडणाच्या वेळी सापडत नाही. सुई टोचली तर त्याच पाळीत लेखी कळवावे. आणि पहिल्या महिन्यातच संघटनेची पावती फाडावी. ‘आपण सुशिक्षित, आपला व्यवसाय प्रतिष्ठेचा, आपल्याला युनियन कशाला’ हा भ्रम परिचारिकांमध्ये अजून आहे आणि तो त्यांना महागात पडतो. वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांच्यापासून अंतर राखून डॉक्टरांच्या बाजूला उभे राहिल्याने पगार डॉक्टरांचा मिळत नाही. कंत्राटदार एकच आहे. आज तो झाडूचे कंत्राट घेतो, उद्या सुईचे घेतो. कायम परिचारिकांनी कंत्राटी व बंधपत्रित परिचारिकांचा प्रश्न आपला मानला नाही, तर दहा वर्षांत कायम म्हणवून घेणारी कोणी उरणार नाही.

केरळात २०१७ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत किमान २०,००० रुपये पगार मान्य झाला, तरी व्यवस्थापने अडून बसली आणि अधिसूचना लांबत गेली. चेर्तलाच्या एका खाजगी रुग्णालयात परिचारिका सहा महिन्यांहून अधिक काळ संपावर बसल्या. सरकार डाव्या लोकशाही आघाडीचे होते. तरीही कागद टेबलावरून हलला तो परिचारिकांनी चेर्तला ते तिरुवनंतपुरम पायी मोर्चाची तारीख जाहीर केल्यावर. मोर्चा २४ एप्रिल २०१८ ला निघायचा होता. अधिसूचना २३ तारखेला निघाली.